चाकवाल्याची सपाट काच

वितळलेल्या कथिलाचे तळे. त्याला काठ आहे, लाट नाही.

औषधांच्या दुकानात टेकलेली कोपरे. खोकणाऱ्यांची, घाईत असलेल्यांची, नुसत्याच गप्पांना आलेल्यांची.

रबराचा काळा भुगा. नखांत शिरला की दिवसेंदिवस निघत नाही.

पांढऱ्या कागदावर चौकोनांची जाळी आणि जाळीच्या मधोमध एक काळा ठिपका.

"तुझा हात जड आहे, पोरी."

खुंटीवर टांगलेला एप्रन. त्याच्या खिशात अजून फडके आहे.

मित्रांनो, हे सगळे एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. काचेकडून तुम्हाला तुकड्यांशिवाय दुसरे काय मिळणार? मी एक जुनी काच आहे. आरसा नव्हे, खिडकीही नव्हे. माझ्यात कुणी तोंड पाहत नाही आणि माझ्यातून कुणी रस्ता पाहत नाही. मी आडवी पडून असते. जाड, जेवायच्या ताटाहून थोडी मोठी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. सपाट असणे हा माझा एकुलता एक गुण आहे आणि त्याच गुणामुळे मला काही करता आले नाही.

माझा जन्म भट्टीतला. वाळू, सोडा, चुनखडी असे काय काय एकत्र वितळले आणि तो लालभडक रस कथिलाच्या तळ्यावर ओतला गेला. पाण्यावर तेल पसरते तशी मी पसरले. कुठे उंच नाही, कुठे सखल नाही. मग मला फार सावकाश थंड केले. घाई केली असती तर आतल्या आत ताण राहून मी पुढे कधीतरी, कुणी हात न लावता, फुटले असते. माणसांनाही तसे सावकाश थंड करायची सोय हवी होती, असे मला नंतर अनेकदा वाटले.

पुढे मी औषधांच्या दुकानाचा काउंटर झाले. एके दिवशी शटरचा लोखंडी दांडा माझ्यावर पडला. तडा गेलेला भाग कापून टाकला आणि उरलेला तुकडा, म्हणजे मी, दुकानाच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. तिथे एक माणूस खोकल्याचे औषध घ्यायला आला आणि औषध विसरून माझ्यापाशी थांबला. त्याने मला जमिनीवर आडवे केले, स्वतः पालथा पडला, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्याने माझ्या अंगावरून पलीकडे पाहिले. लोक पाहत होते. त्याला पर्वा नव्हती.

"ही देता का?" त्याने दुकानदाराला विचारले.

"न्या की. आणि उठा आधी, लोकांना वाटेल माझ्याच औषधाने पडलात."

तो माणूस म्हणजे चाकवाला. त्याला सगळे याच नावाने ओळखत.

त्याची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. खिडकीखाली लाकडी बाक, बाकावर धातू कातायचा शिवणयंत्राएवढा लेथ, शेजारी टायर घासायचे छोटे यंत्र आणि दिव्याखाली मी. तेल, तापलेले रबर आणि गोंद यांचा मिळून एक वास होता. या खोलीत छोट्या शर्यतीच्या मोटारींची चाके बनत. 'खेळण्यातल्या' म्हटले की चाकवाल्याच्या कपाळाला आठी पडे. या मोटारी तळहातावर मावतात. लाकडी ट्रॅकला लांबच लांब खाचा पाडलेल्या असतात. मोटारीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते आणि खाचेच्या कडेच्या पट्ट्यांतून वीज घेते. हातातली कळ जितकी दाबाल तितकी मोटार पळते. वळणावर हावरटपणा केलात की ती खाच सोडून उडते आणि कुणाच्या तरी पायाशी चाके वर करून पडते.

मोठमोठी माणसे या मोटारींसाठी वेडी होतात. पोट सुटलेली, डोक्यावर चांदी आलेली, नातवंडे असलेली. दुकानातल्या तयार चाकांवर त्यांचे भागत नाही. एकाला वडिलांच्या पहिल्या गाडीची चाके हवी असत, अगदी तेवढेच आरे, तेवढीच खोली. दुसऱ्याला वळणावर जमीन न सोडणारी रुंद चाके हवी असत. एकदा एक निवृत्त बसचालक आपल्या बसची चाके करून घ्यायला आला. जन्मभर चालवलेली बस त्याला आता खाचेतून पळवायची होती. तेव्हा मामा म्हणाला, "काका, ही बस स्टॉपवर थांबणार नाही बरं का. अगदी खऱ्यासारखी." सर्वांत मोठ्याने हसला तो बसचालकच.

मामा म्हणजे चाकवाल्याच्या बायकोचा भाऊ. बायको गेली तेव्हा मुलगी लहान होती. बहीण गेली तरी मामाने दाजींचे घर सोडले नाही. शर्यतीच्या आधी तो चाके न्यायला यायचा आणि हरल्यावर चाकांना नावे ठेवायला यायचा. जिंकल्यावर मात्र चाकांचा विषयच काढायचा नाही.

चाक बनवणे हे निगुतीचे काम आहे. ॲल्युमिनियमच्या कांबीचा तुकडा लेथच्या जबड्यात धरायचा, हत्यार लावून रिम उतरवायची, मधोमध भोक पाडायचे, बाजूने बारीक स्क्रूची जागा करायची. मग रबराचा टायर चिकटवून तो फिरवत फिरवत घासायचा. पण चाक कितीही गोल असू दे, ते ज्यावर बसते तो ॲक्सल सरळ नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. ॲक्सल म्हणजे विणायच्या सुईएवढी पोलादी सळई. ज्याच्या त्याच्या मोटारीच्या रुंदीप्रमाणे ती कापायची आणि टोके घासायची. कापताना, धरताना, घासताना ती कुठेही वाकू शकते आणि तो वाक बोटांना कळत नाही.

मला कळतो. सरळ ॲक्सल माझ्या अंगावरून मांजरीसारखा जातो, पाऊलसुद्धा वाजत नाही. वाकलेला ॲक्सल चालताना बोलतो. टक्, टक्, टक्.

चाकवाल्याची रीत ठरलेली होती. ॲक्सल माझ्यावर ठेवायचा. गाल बाकाला टेकवायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्या डोळ्याने पाहायचे. दिव्याच्या उजेडात सळईच्या अंगावर एक चमकती रेघ उमटते. ती रेघ सरळ असेल तर ॲक्सल सरळ. रेघ कुठे फुगलेली दिसली तर ॲक्सल लाकडी ठोकळ्यावर घ्यायचा, पितळी हातोडीने हलकेच ठोकायचा आणि मगच माझ्यावरून घरंगळत सोडायचा. आधी डोळा, मग हातोडी, मग कान. हा क्रम त्याच्या अंगात इतका मुरला होता की आपण क्रमाने काही करतो आहोत हेही त्याला ठाऊक नव्हते.

ती माझी सुखाची वर्षे. सकाळी खोलीत आल्यावर तो मऊ फडक्याने आधी मला पुसायचा, मग त्याच फडक्याने स्वतःचा चष्मा. गिऱ्हाईक कुरकुरले की मला बोटाने वाजवून म्हणायचा, "काच खोटं बोलत नाही." एवढी शाबासकी कुठल्या काउंटरला मिळाली असेल?

मुलगी याच खोलीत मोठी झाली. बाकाखाली बसून ती वाया गेलेल्या रिमा ओळीने मांडायची. उंची बाकाला पुरली तसे तिने टायर घासायचे काम घेतले, मग रिमा, मग ॲक्सल. टोके घासल्यावर ती त्यांवरून बारीक दगड फिरवायची. बापाने तिला ते शिकवले नव्हते. तिच्या ॲक्सलने मला कधी ओरखडा काढला नाही. शाळा संपली तेव्हा मैत्रिणी कुठे कुठे गेल्या. तिला दुसरे काही करायचेच नव्हते. चाकवाला मामाला सांगायचा, "माझ्यानंतर ही खोली हिची. माझ्याहून बरी करेल." मामा म्हणायचा, "दाजी, तुमच्याहून बरी तर ती आत्ताच करते, आणि वर हसून बोलते." चाकवाला रागावल्यासारखे करायचा. मुलगी लेथकडे तोंड करून हसायची.

मित्रांनो, माझी सुखाची गोष्ट एवढीच आहे. हवी तर इथे थांबा.

एका दुपारी मुलीने केलेला ॲक्सल चाकवाल्याने माझ्यावर ठेवला. गाल टेकला, डोळा मिटला.

"वाकलाय," तो म्हणाला.

ॲक्सल माझ्या अंगावर होता. तो वाकलेला नव्हता.

मुलीने वाकून पाहिले. "मला तर सरळ दिसतोय, बाबा."

"दिसणारच. केलाय कोणी?"

तो हे हसत म्हणाला. मग त्याने ॲक्सल ठोकळ्यावर घेतला, हातोडीने ठोकला आणि माझ्यावरून सोडला. टक्, टक्, टक्. "ऐक," तो म्हणाला. "आता तरी पटलं?"

वाजणारच होता. सरळ सळईला हातोडी लागली होती. पण हातोडीच्या आधी तो माझ्यावरून सोडायचा, हे त्या दोघांच्याही मनात आले नाही. या खोलीत तसे कधी कुणी केलेच नव्हते. ती हीच रीत बघत वाढली होती. बापाने वाक दाखवला आणि काचेने साक्ष दिली. काच खोटे बोलत नाही. मी खोटे बोलले नव्हतेच, पण मला उशिरा विचारले होते.

त्यानंतर असे वारंवार होऊ लागले. बाकाच्या पायाशी एक पत्र्याचा डबा होता, बिघडलेल्या मालाचा. तो पूर्वी वर्षभर भरत नसे. आता त्यात तिचे ॲक्सल पडू लागले. काही ठोकून ठोकून बिघडलेले. काही तर "ठोकायच्याही लायकीचा नाही" असे म्हणून न ठोकताच टाकलेले.

मुलगी गप्प बसणारी नव्हती. तिने एक डायल आणली. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी. तिचे टोक सळईवर टेकवून सळई फिरवायची. वाक असेल तर काटा हलतो. तिने आपला नवा ॲक्सल बापासमोर डायलखाली फिरवला. काटा जागचा हलला नाही.

चाकवाल्याने बराच वेळ काट्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, "सुईएवढ्या सळईवर हे टोक दाबलं तर वाकडीसुद्धा सरळ होईल. यंत्राच्या नादी लागू नकोस. नजर बसव." आणि त्याने तो ॲक्सल ठोकायला घेतला.

तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. तो दुष्ट असता तर मला हे सांगताना सोपे गेले असते. त्याला खरोखर काळजी वाटत होती. मामाजवळ तो हळू आवाजात सांगायचा की पोरीचे लक्ष लागत नाही, काही दुखत असेल का, तू विचारून बघ. मामाने वातावरण हलके करायला म्हटले, "दाजी, तुमच्या त्या नजरेला रेल्वेचे रूळही वाकडे दिसतील." दोघेही हसले. मामाच्या तोंडून खरे निघून गेले होते आणि ते कुणी उचलले नाही.

नजर बसव, असे बापाने सांगितले होते. मुलीने ती बसवायचा प्रयत्न केला. ती डोळा मिटून माझ्यावरच्या सळयांकडे पाहत राहायची. रेघ सरळ दिसायची. मग आपल्याच डोळ्यांवरून हात फिरवायची. हळूहळू ती सळई अधिक घट्ट धरू लागली, कापताना श्वास रोखू लागली, झालेले पुन्हा घासू लागली. घट्ट धरलेली बारीक सळई वाकते. तिचे काही ॲक्सल आता खरोखरच वाकलेले येऊ लागले, हातोडी लागण्याआधीच. ते माझ्यावर टेकताना मला काय वाटले हे मी सांगू शकत नाही. काचेला तडा जातो तो एकदाच. त्याआधी जे काही होते त्याला नाव नाही.

मग या मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबचा माल परत आला. क्लबच्या संघासाठी केलेल्या चाकांचे संच घेऊन सचिव स्वतः दारात उभा राहिला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "तुमच्याकडून असं कधी झालं नाही म्हणून आलो. मोटारी बेडकासारख्या उड्या मारतायत."

त्या संचांमधला प्रत्येक ॲक्सल चाकवाल्याच्या हातोडीखालून गेलेला होता. वाक दिसतो तोवर ठोकला होता आणि कंटाळून शेवटी "असू दे" म्हणून पाठवला होता.

मुलगी लेथवर होती. चाकवाल्याने सचिवाला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मुलीचा हात जड आहे हो. मीही तिला फार दिवस चालवून घेतलं. आता ॲक्सल मीच करत जाईन." मग तिच्याकडे वळून, अगदी मायेने, "तुझा हात जड आहे, पोरी. असतो एखाद्याचा. त्यात काय?"

मुलीने लेथ बंद केला. जबड्यातली रिम थोडा वेळ फिरत राहिली.

तिने वाद घातला नाही. काही दिवसांनी तिने सांगितले की दुसऱ्या शहरात, एका मोठ्या गोदामात नोकरी मिळाली आहे. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. चाकवाला चकित झाला. त्याला वाटले होते ती रिमा करत राहील.

"चिठ्ठ्या?" तो म्हणाला. "त्यात कसलं आलंय काम?"

"चिठ्ठी वाकडी लागली तरी कुणी परत आणत नाही, बाबा."

एप्रन खुंटीला लावून ती गेली. जाताना तिने डायलही नेली नाही.

मित्रांनो, आता माझ्या पडत्या काळाची गोष्ट. चाकवाला एकटाच कामाला बसला. त्याने स्वतःचा ॲक्सल माझ्यावर ठेवला, डोळा मिटला, आणि तोही वाकलेला. दुसरा, तोही. त्याने पोलाद देणाऱ्याला शिव्या दिल्या आणि दुसरीकडून पोलाद आणले. तेही तसेच. मग एका सकाळी तो माझ्याकडे पाहत राहिला. आधी सळई पाहिली, मग माझी कड. माझी कडही त्याला मधेच फुगलेली दिसली.

त्याने मला उलटे केले. पुन्हा पाहिले. "तूही?" तो म्हणाला.

कथिलावर जन्मलेल्या काचेला तो वाकडी म्हणत होता. मुलीला काय वाटले असेल ते त्या दिवशी मला पूर्ण कळले. आपण सरळ आहोत हे ठाऊक असून ते सांगता येत नाही; आणि ज्याने सांगायचे तोच आपल्याला वाकडी म्हणतो. काचेला निदान स्वतःविषयी शंका घेता येत नाही. तिला ती घेता येत होती.

त्याने मला दाराआड भिंतीला टेकून ठेवले आणि नवी, चांगली जाड काच आणली. ती बिचारीही पहिल्याच दिवशी वाकडी ठरली. दाराआडून मी त्याला खोलीत फिरताना पाहत होते. खिडकीच्या चौकटीशी तो थांबला. डावा डोळा मिटून चौकट पाहिली, मग उजवा मिटून. पुन्हा डावा. मग खुर्चीत बसला आणि संध्याकाळ होऊन खोली अंधारली तरी दिवा लावायला उठला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याला मामा घेऊन गेला. परत आल्यावर मामाने भिंतीवर एक कागद चिकटवला. चौकोनांची जाळी, मधे काळा ठिपका. रोज एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि रेघा कुठे वाकतात ते लक्षात ठेवायचे. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झाला होता, बऱ्याच काळापासून. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा सांभाळून घेई, म्हणून चालता-बोलता, जेवताना, रस्ता ओलांडताना त्याला काही कळले नाही. फक्त काम करताना तो डावा मिटायचा. जगात एकाच जागी त्याची नजर चुकत होती, आणि ती जागा म्हणजे माझे अंग, त्यावर त्याच्या मुलीचा ॲक्सल ठेवलेला.

"डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर," मामा म्हणाला आणि कागदाचा सुटलेला कोपरा भिंतीवर दाबत राहिला.

चाकवाल्याने मला दाराआडून काढले. धुतले, पुसले, दिव्याखाली ठेवले. फडके चष्म्याकडे नेले आणि मधेच खाली ठेवले. मग पत्र्याचा डबा बाकावर पालथा केला. त्याने त्यातला एक ॲक्सल घेतला आणि, त्या खोलीत पहिल्यांदाच, डोळ्याने न पाहता आणि हातोडी न उचलता माझ्यावरून सोडला.

आवाज झाला नाही.

दुसरा. आवाज झाला नाही. तिसरा वाजला, त्याच्यावर हातोडीच्या खुणा होत्या. पुढचा पुन्हा गप्प. तो एकेक सोडत गेला. जे गप्प होते ते त्याने खिडकीत ओळीने मांडले, जशा ती लहानपणी रिमा मांडायची. ओळ लांबत गेली. मामा दारात उभा होता. तो काही गमतीचे बोलेल अशी मला आशा होती. त्याने पुढे येऊन दिवा जवळ सरकवला.

चाकवाल्याने मुलीला फोन केला तेव्हा नीट काही सांगता आले नाही. एवढेच म्हणाला की ये. ती सुट्टी काढून आली. बारीक झाली होती. बोटांच्या टोकांना चिठ्ठ्यांचा डिंक वाळलेला होता. तिने जाळीचा कागद पाहिला, बापाच्या चष्म्याची नवी जाड काच पाहिली आणि आधी त्याच्या औषधांची चौकशी केली.

मग त्याने सांगितले. डोळ्याचे, हातोडीचे, डब्याचे, सगळे. "तुझे ॲक्सल सरळ होते. माझा डोळा वाकडा होता. तुझा हात जड नाही, पोरी. कधीच नव्हता."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिने, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात, म्हटले, "बाबा, तुम्हाला आता दिसत नाही. एकटे आहात. म्हणून तुम्हाला तसं वाटतंय."

"वाटत नाही. हे बघ." त्याने खिडकीतल्या ओळीकडे हात केला.

"ते तुम्ही निवडून ठेवलेत."

तिने डब्यात हात घातला, न बघता एक ॲक्सल काढला आणि माझ्यावरून सोडला.

टक्, टक्, टक्.

मित्रांनो, मी सपाट आहे. मी एवढीही वर येऊ शकत नाही, एवढीही खाली जाऊ शकत नाही. तेव्हा मला ते जमायला हवे होते.

"तो मी ठोकलेला असेल," चाकवाला म्हणाला. त्याने ॲक्सल डोळ्यांजवळ नेला, हातोडीची खूण शोधायला. एका डोळ्यापाशी, मग दुसऱ्यापाशी. डाव्या डोळ्यातही आता रेघा हलू लागल्या होत्या. त्याला खूण आहे की नाही ते कळेना.

खूण नव्हती. तो तिच्या या खोलीतल्या शेवटच्या दिवसांतला होता, श्वास रोखून घट्ट धरलेला.

"असेल," ती म्हणाली. तिने ॲक्सल त्याच्या हातातून अलगद घेऊन डब्यात ठेवला. "तुमचे डोळे गेले म्हणून माझं चुकलेलं बरोबर होत नाही, बाबा. तुम्हीच म्हणाला होतात, असतो एखाद्याचा हात जड. मी मनाला लावून नाही घेतलं. तुम्हीही नका घेऊ."

तिने खोली झाडली, लेथवर कापड घातले, औषधांच्या वेळा मामाला समजावून सांगितल्या. निघताना बापाच्या पाया पडली. ती रागावली असती, तर काही तरी उरले असते. ती रागावली नव्हती. तिला ते पटले होते. बापाने तिला एवढी एकच गोष्ट नीट शिकवली होती आणि ती आता परत घेता येत नव्हती.

आता खोलीत चाके बनत नाहीत. गिऱ्हाइकांनी दुसरीकडची वाट धरली. नवी काच मामाने कुणाला तरी देऊन टाकली, मला ठेवले. चाकवाला सकाळी येऊन बसतो. जाळीच्या कागदासमोर उभा राहतो. त्याला आता ठिपकाही धड दिसत नसावा. मग बाकाशी येतो आणि खिडकीतल्या ओळीतला एकेक ॲक्सल माझ्यावरून सोडत राहतो. कान माझ्याजवळ आणून ऐकतो. ऐकायला काही नसते. ते सगळे गप्प जातात. मला पुसायचे आता त्याच्या लक्षात राहत नाही. माझ्यावर धूळ बसली आहे आणि त्या धुळीत सरळ रेघा उमटतात, एकीशेजारी एक. त्या त्याला दिसत नाहीत आणि जिला दिसल्या असत्या ती इथे नाही.

जुन्या वस्तूंनी शेवटी काही मागायची पद्धत आहे. मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी काच आहे, मला काही होत नाही. मागायचेच तर एवढे मागते. कुणाचे काम वाकडे दिसले तर हातोडी उचलण्याआधी एकदा ते नुसते घरंगळू द्या. दुसरा डोळा उघडून बघा. आणि ज्याला तुम्ही शिकवता तो तुमच्यावर विश्वास ठेवतो, हे विसरू नका. तुम्ही चुकलात तरी तो ठेवतो, आणि मग तुम्ही स्वतः येऊन सांगितलेत तरी त्याचा तो विश्वास सुटत नाही. मी हे ओरडून सांगितले असते. पण ओरडायचे म्हणजे मला फुटावे लागेल, आणि फुटलेल्या काचेचे कोण ऐकतो? तिचे तुकडे उचलतात आणि बोटे जपतात.

मुलगी घर सोडून गेली त्याच्या आदल्या महिन्यात क्लबची वार्षिक शर्यत मामाच्या मोटारीने जिंकली होती. त्या मोटारीचा मागचा ॲक्सल मामाने घाईत, दाजींचा तयार माल समजून, टाकाऊ डब्यातून उचलला होता; तो मुलीने केलेला, न ठोकताच टाकलेला होता, आणि जिंकल्यावर मामा चाकांचा विषय काढत नसे.